बत्तीस विझल्या, आठ राहिल्या

१

चुर्र.

तापल्या तव्यावर पाण्याचा एखादा थेंब पडावा, एवढाच तो आवाज. एरवी कुणाच्या कानालाही लागला नसता. पण त्या वेळी महिला मंडळाच्या हॉलमध्ये साठ-सत्तर बायका माना खाली घालून उभ्या होत्या आणि प्रेमलताबाईंसाठी दोन मिनिटांची शांतता चालू होती.

प्रमोदिनीनं मान तशीच ठेवून डोळे तेवढे वर केले. टेबलावर प्रेमलताबाईंचा हार घातलेला फोटो होता आणि फोटोपुढे चाळीस मेणबत्त्या. बाईंनी धंतोलीत चाळीस वर्षं मुलींचा शिवणवर्ग चालवला, म्हणून चाळीस. उन्हाळाभर त्यांच्या अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा असायचा, म्हणून मोगऱ्याच्या वासाच्या. सगळ्या प्रमोदिनीच्या मागच्या पडवीत ओतलेल्या.

पहिल्या ओळीतली एक विझली होती. वातीच्या भोवती मेणाचं तळं साचलं होतं आणि ज्योत त्यात बुडाली होती.

चुर्र. दुसरी. मग तिसऱ्या ओळीत लागोपाठ दोन.

दोन मिनिटं एवढी लांब असतात हे प्रमोदिनीला त्या दिवशी कळलं. बायकांनी माना वर केल्या तेव्हा टेबलावर धुराच्या बारीक रेघा उभ्या होत्या. दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ चंद्रकला उभी होती. वाती तिच्या हातच्या. बघायला म्हणून मुद्दाम विणकरांच्या टांडापेठेतून चालत आली होती, नवं लुगडं नेसून. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"अगं प्रमोदिनी," मंडळाच्या अध्यक्ष कुसुमताई हळूच म्हणाल्या, "बाईंची चाळीस वर्षं तू दहा मिनिटांत विझवलीस."

आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. वाईट हसू नव्हतं ते, पण हसल्या.

प्रमोदिनीला गल्लीत एक नाव होतं. कुणाची किल्ली हरवो, कुणाच्या दुधात पाणी येवो, बायका तिला हाक मारायच्या आणि ती चार प्रश्न विचारून छडा लावायची. लग्नाआधी एक वर्ष सायन्स कॉलेजात गेली होती. ते वर्ष तिनं मनाच्या एका कप्प्यात घडी घालून जपलं होतं. ती म्हणाली, "कुसुमताई, हे कसं झालं ते मी शोधून काढते. आठ दिवस द्या."

मग तिनं टोपलीत मेणबत्त्या भरताना मोजल्या. विझलेल्या बत्तीस. आठ मात्र अजून जळत होत्या, शांत, सरळ, जसं काही झालंच नाही.

तिच्या पडवीतला साचा आठांचा होता. एका ओतणीत आठ.

म्हणजे एक ओतण चांगली आणि चार बिघडलेल्या. हे हॉलमध्ये झालेलं नव्हतं. घरात झालं होतं.

२

हा उद्योग दोघींनी दोन वर्षांपूर्वी, बहात्तर साली सुरू केला. चंद्रकला तेव्हा हातमागाची लुगडी घेऊन दारोदार यायची. नवरा गेलेला, घरी दिराचा माग. एका संध्याकाळी वीज गेली, प्रमोदिनीनं सहज मेणबत्तीच्या तळ्यात अत्तराचा थेंब टाकला, आणि चंद्रकला उंबऱ्यावर बसली ती उठेचना. "बाई, हे विकत भेटलं त मी घेईन जी," म्हणाली. मग मोगरा झाला, खस झाला, थंडीत संत्र्याच्या सालीचा वास झाला. उरलेल्या मेणाच्या छोट्या वड्या करून कपड्यांच्या कपाटात ठेवायला विकू लागल्या. बाजारची दोऱ्याची वात धूर करायची. चंद्रकला मागावरच्या कोऱ्या सुताला पीळ देऊन अशी वात वळायची की ज्योत हलायचीसुद्धा नाही. प्रमोदिनीची पाच वर्षांची वैजू दुपारी चंद्रकलेच्याच मांडीवर झोपायची.

दुसऱ्या दिवशी प्रमोदिनी इतवारीत नत्थूजींच्या दुकानात गेली. मेणाच्या लाद्या आणि अत्तर दोन्ही तिथलंच.

"नत्थूजी, खरं सांगा. या लादीत काही मिसळलं होतं का?"

नत्थूजींनी विझलेली मेणबत्ती नखानं कोरली, वास घेतला, बोटांत चोळली.

"वहिनी, चाळीसच्या चाळीस एकाच लादीच्या ना?"

"हो."

"अत्तर एकाच कुपीतलं?"

"हो."

"मंग मेण खराब असतं त त्या आठ काय तुमच्यावर मेहरबानी करून जळल्या?" ते हसले, मग तिचा चेहरा पाहून हसू आवरलं. "मेण निर्दोष आहे जी. वातीले पुसा."

"वात तर चंद्रकलेची आहे."

"त चंद्रकलेले पुसा." त्यांनी मेणबत्ती परत दिली. "पन जरा बेतानं पुसा. ती बाई माह्या दुकानात अत्तराचा थेंब सांडला त पदरानं पुसून तो पदर तुमच्याकडे घेऊन जाते, वाया जाऊ नये म्हणून."

प्रमोदिनीनं मान हलवली. तिचं अर्धं लक्ष होतं. ती दिवसांचा हिशेब लावत होती. पहिली ओतण सोमवारी झाली, जुन्या उरलेल्या वातीची. तिच्यातली एक जरा वेळ लावून पाहिली होती, छान जळली. मंगळवारी सकाळी चंद्रकलेनं सुताची नवी गुंडी आणली. नेहमीसारखी टाकणखाराच्या पाण्यात भिजत घातली, म्हणजे वात जळताना राख होत नाही, आणि चारला घरी गेली. बुधवारी तिच्या घरी पूजा होती, आली नाही. प्रमोदिनीनं स्वतः गुंडी मेणात बुडवली, वाती कापल्या, साच्यात ओवल्या. बुधवारी दोन ओतणी, गुरुवारी दोन. वैजूला ताप होता, त्या गडबडीत या चारांतली एकही लावून पाहिली नव्हती.

सोमवार चांगला. बुधवार-गुरुवार वाईट. मधे फक्त ती गुंडी.

आणि आता तिला आठवलं. बुधवारी हातात घेतली तेव्हा गुंडी जरा कडकच लागली होती.

३

घरात चौकशी करायची म्हणजे आधी सासूबाई. यमुताईंना मेणबत्त्यांचा हा पसारा पहिल्यापासून पसंत नव्हता. त्या ओट्यापाशी मटार सोलत बसल्या होत्या. सुनेनं आडून आडून विचारलेलं त्यांनी ऐकून घेतलं आणि शेंग खाली ठेवली.

"म्हणजे मी केलं असं म्हणायचंय तुला."

"नाही आई, मी फक्त मंगळवारी कोण कोण पडवीत—"

"तुझ्या त्या वासांनी माझं डोकं उठतं, हे मी तोंडावर सांगते. पण प्रमोदिनी, मी मेलेल्या बाईपुढचा दिवा विझवणारी बाई नाही." त्यांनी पुन्हा शेंग उचलली. "आणि चौकशाच करायच्या तर माझ्या लुगड्याची कर. मंगळवारी खळ कशी घातलीस गं? वाळल्यावर बघते तर सगळ्या लुगड्यावर पांढरी पूड फुटलेली. मीठ सांडल्यासारखी. नेसवत नाही मेलं."

"तांदळाची पेज नीट गाळली गेली नसेल."

"पेजेच्या कण्या मला कळत नाहीत?"

"आई," वैजू मधेच म्हणाली, "ते निळं पाणी होतं ना—"

"वैजू, मोठी माणसं बोलतात तेव्हा मधे बोलायचं नाही."

वैजू गेली ती रुसून अंगणात, आणि पाचव्या मिनिटाला रडत आली. गुडघा फुटला होता. प्रमोदिनीनं तिला पडवीत वर्तमानपत्रावर बसवलं, कपाटातून टिंक्चर आयोडीनची बाटली काढली. तिथेच पेपरावर विझलेल्या एका मेणबत्तीतून सोलून काढलेली वात पडली होती. वैजूनं पाय झटकला आणि आयोडीनचे चार थेंब पेपरावर उडाले.

पेपरावर ते तपकिरी डाग झाले. वातीवर पडलेला थेंब मात्र बघता बघता काळानिळा झाला, दौतीतल्या शाईसारखा.

प्रमोदिनी वातीवर वाकली. कॉलेजातली प्रयोगशाळा, पांढऱ्या फरशीचं टेबल, बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकणाऱ्या बाई, सगळं एका क्षणात समोर आलं. जिथे पिठूळपणा असतो तिथे आयोडीन निळं होतं. भातावर, पिठावर, बटाट्यावर. आणि खळीवर.

तिनं जळत राहिलेल्या आठांतली एक फोडली, तिच्या वातीवर थेंब टाकला. तपकिरीच राहिला. मग बत्तीसांतली आणखी एक फोडली. निळा. तिसरी. निळा.

वातीला खळ होती. खळीनं सुताची तोंडं बुजली, मेण वर चढेना, ज्योत उपाशी राहून बुडाली.

आणि खळीचं सूत कुठं असतं हे तिला चंद्रकलेनंच सांगितलं होतं. मागावरचा उभा धागा म्हणजे ताणा. तो तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. आडवा धागा, बाणा, तो कोरा. वात नेहमी बाण्याच्या सुताची. ताण्याचे तुकडे विणून झाल्यावर मागावर उरतात, फुकट.

"आई, फुंकर घाल ना," वैजू म्हणत होती.

४

चंद्रकला नेहमीसारखी मागच्या दारानं आली. पदराच्या गाठीत वैजूसाठी बोरं होती.

"बस जरा, चंद्रकला. या वेळचं सूत कुठलं होतं?"

"नेहमीचंच जी. बाण्याचं."

"कोरं?"

"कोरंच. काहून?"

प्रमोदिनीनं ताटलीत तीन गोष्टी मांडून ठेवल्या होत्या. भाताचं शीत, चांगली वात, वाईट वात. तिनं तिन्हींवर आयोडीन टाकलं. शीत निळं झालं. चांगली वात तपकिरी. वाईट वात निळी. त्या वेळी मनात होतं ते दुःख नव्हतं, हे तिला पुढे फार दिवसांनी कबूल करावं लागलं. तो आनंद होता. कोडं सुटल्याचा.

चंद्रकलेनं ताटली पुढ्यात ओढली.

"खळ त आहे," ती म्हणाली. "पन मी नाही आणली."

"मग कुणी? मेण तेच, अत्तर तेच. बदललं ते फक्त सूत, आणि ते तू आणलंस. तुमच्या घरी ताण्याचे तुकडे उरतात. कुसुमताईंनी तुला तसली पुडकी आणताना पाहिलंय."

"बाई, तुमी मले पुसून राहिल्या का सांगून राहिल्या?"

प्रमोदिनीनं ताटली बाजूला सारली. मग, वैजूशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "घाई होती, सूत कमी पडलं असेल. होतं असं. मी रागावणार नाही. खरं तेवढं सांग."

"खरंच सांगून राहिली ना मी."

वैजू दारात उभी होती, गुडघ्यावर पट्टी बांधून. हा घरचा नियम तिला पाठ होता: खरं सांगितलं की आई रागवत नाही.

चंद्रकलेनं वात कापायची कात्री कमरेची काढून साच्याशेजारी ठेवली. पदराची गाठ सोडली, बोरं वैजूच्या फ्रॉकच्या खिशात ओतली.

"माह्या सासऱ्याच्या हातचं लुगडं, कुठंबी फेका, लोक वळखत होते," ती म्हणाली. "माही वात त्या हॉलात बुडाली तवा मले वाटलं जमीन फाटावी. तुमाले वाटलं असन, मी चोरी पकडल्या जाईल म्हून घाबरली." ती दाराकडे वळली. "येतो जी."

ती गेली. त्या संध्याकाळी प्रमोदिनीनं मंडळात जाऊन आपला शोध सांगितला. आयोडीनची बाटलीसुद्धा नेली होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत एवढंच. कुसुमताई म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते. या लोकांचं असंच."

'या लोकांचं' हा शब्द प्रमोदिनीला खटकला. पण तिनं तो तसाच जाऊ दिला.

५

महिना गेला. प्रमोदिनीनं बाजारच्या दोऱ्याच्या वाती करून पाहिल्या. ज्योत फडफडायची, धूर व्हायचा. वैजू दुपारी झोपायला मांडी शोधत पडवीभर फिरायची. धंतोलीत चंद्रकलेकडून लुगडी घ्यायचं बायकांनी बंद केलं आहे, हे कुणीतरी बोलता बोलता सांगून गेलं.

संक्रांतीच्या आधी यमुताईंनी कपाटातून ते लुगडं काढलं आणि सुनेच्या पुढ्यात टाकलं. "घे. पुन्हा धू. मी काही ही पूड अंगावर घेऊन तिळगूळ वाटणार नाही."

प्रमोदिनीनं लुगडं अंगणात नेऊन झटकलं. उन्हात बारीक पांढरे कण उडाले. तिनं सवयीनं दोन बोटांत चोळले आणि हात तिथेच थांबला. पेजेची कणी चुरली की तिचं पीठ होतं. हे चुरत नव्हतं. खसखशीसारखं, कडक, किंचित साबणासारखं निसरडं. दोन वर्षं रोज ती हे हाताळत आली होती.

टाकणखार.

टाकणखार वातीच्या पाण्यात असतो. लुगड्यावर कसा येईल?

ती पडवीत आली, खाली बसली, आणि बत्तीसांतली एक मेणबत्ती फोडली. या वेळी आयोडीन लावलं नाही. वात उघडी करून नुसती उजेडात धरली. महिन्यापूर्वी ती उजेडात पाहायचं तिला सुचलंच नव्हतं. उत्तर आधीच मिळालं होतं ना.

वात निळसर होती. अगदी पुसट, पांढऱ्या कपड्याला नीळ चढते तशी.

कोपऱ्यात जुन्या मेणबत्त्यांच्या जुड्या होत्या, डझनाच्या. चंद्रकला त्या घरून आणलेल्या सुताच्या तुकड्यांनी बांधायची. पुडकीच्या पुडकी आणून ठेवायची बिचारी, दोरा विकत घ्यावा लागू नये म्हणून. कुसुमताईंनी पाहिलेली पुडकी ती हीच. प्रमोदिनीनं एक तुकडा सोडून निळसर वातीशेजारी ठेवला. ताण्याचा तुकडा, मागावरची खळ लावलेला. पिवळट होता, तांदळाच्या धुवणासारखा. निळेपणाचा मागमूस नाही.

खळीत नीळ घालतात ती फक्त घरी. यमुताईंच्या पांढऱ्या लुगड्यांसाठी.

मग मंगळवारची ती संध्याकाळ आपोआप उलगडत गेली आणि ती डोळे मिटूनही थांबवू शकली नाही. पडवीत दोन बादल्या शेजारी शेजारी, दोन्ही जस्ताच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. एकीत टाकणखाराचं पाणी आणि गुंडी. दुसरीत खळ आणि नीळ, उकळत्या पेजेत कालवलेली, लुगड्यांसाठी. वीज गेलेली. कडेवर वैजू, तापानं फणफणलेली. गुंडी भिजली का पाहायला तिनं एका हातानं उचलली, दाबली, अजून थोडी मुरू दे म्हणून परत सोडली, ती शेजारच्या बादलीत. अर्ध्या तासानं तशीच अंधारात काढून दोरीवर टाकली. मागून लुगडी त्याच बादलीत बुचकळली. गुंडीनं खळ घेतली आणि आपला टाकणखार लुगड्याला दिला.

फळीवर मेणबत्त्यांची रास होती. विकायच्या म्हणून तिनं एकही पेटवली नव्हती.

"वैजू," तिनं हाक मारली. वैजू आली. "तू त्या दिवशी निळ्या पाण्याचं काय म्हणत होतीस?"

वैजूनं आईकडे जरा जपून पाहिलं. "मधे बोलू नको म्हणालीस तू."

"आता बोल."

"तू मावशीची गुंडी निळ्या पाण्यात टाकलीस. मी म्हटलं, आई, निळं पाणी. तू म्हणालीस, शू."

६

टांडापेठेत चंद्रकलेच्या दिराचं घर शोधायला वेळ लागला नाही. मागाचा खटखट आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. दीर जागेश्वर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. तो उठला नाही.

"वहिनी खाप्याले गेली. भावाकडे. इथं कोणी लुगडं घेऊन नाही राहिलं तिच्याकडून." त्यानं ताण्यातून धोटा फेकला. "तुमीच ना त्या मेणबत्तीवाल्या?"

प्रमोदिनी हो म्हणाली.

खाप्याला जायच्या आधी तिनं एक काम केलं. मंडळाच्या सभेत उभी राहिली आणि सगळं सांगितलं, बादल्या, अंधार, लुगडं. वाती तिच्याच हातानं बिघडल्या होत्या, चंद्रकलेचा काही दोष नव्हता. बायका स्वेटर विणत ऐकत होत्या. पहिल्या वेळी एक सुई हलली नव्हती; या वेळी एकही थांबली नाही. कुसुमताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. पण आता कशाला उगाच तेच तेच? झालं गेलं."

एसटीनं ती आणि वैजू खाप्याला उतरल्या. कन्हान नदीवरून गार वारा येत होता. चंद्रकला भावाच्या ओसरीत चरख्यावर कांड्या भरत बसली होती, बाण्याच्या, कोऱ्या सुताच्या. वैजू धावत जाऊन तिच्या पाठीला बिलगली. चरखा थांबला.

"पोट्टी केवढी झाली वं," चंद्रकला म्हणाली. तिनं वैजूला पुढ्यात ओढून घेतलं, गुडघा पाहिला. "खपली पडली. बरं झालं."

चहा आला. प्रमोदिनीनं सगळं सांगितलं. बादलीचं, निळीचं, टाकणखाराच्या पुडीचं. पदराच्या टोकाला बांधून आणलेली ती निळसर वात आणि पिवळट धागा दोन्ही काढून जमिनीवर ठेवले. चंद्रकलेनं ते उचलून पाहिले, बोटांत फिरवले, परत ठेवले.

"तवा मले गुंडीच दाखवली असती त मी हातात घेताच सांगितलं असतं, ही घरची खळ आहे," ती म्हणाली. "पन गुंडी राहिली नव्हती. मीच राहिली होती."

"माझं चुकलं, चंद्रकला. मी मंडळातही सांगितलं उभं राहून. तू परत चल."

चंद्रकलेनं कांडी पुन्हा चरख्याच्या चात्यावर चढवली. रागावलेली दिसत नव्हती. राग असता तर प्रमोदिनीला सोपं गेलं असतं.

"तुमी एवढ्या दूर आल्या, मले बरं वाटलं. खोटं नाही सांगत. पन एक सांगू काय जी? लुगड्यावर ती पूड नसती सापडली, त तुमी आल्या असत्या?"

प्रमोदिनीनं चहाची बशी खाली ठेवली.

"तुमी आज बी माह्यावर भरोसा नाही ठेवला, बाई. पुडीवर ठेवला." तिनं धागा ओला करून कांडीला लावला. "दोन वर्षं त्या पडवीत बसली मी. ह्या पोट्टीले मांडीवर घेऊन वाती वळल्या. पूड त आता आता भेटली तुमाले."

चरखा फिरू लागला. वैजू त्याच्याकडे टक लावून पाहत होती. चंद्रकलेनं तिचा हात धरून चाकाची मूठ हातात दिली, दोन वेढे फिरवू दिले. भावजय आतून भाकरीचं विचारून गेली. प्रमोदिनी म्हणाली, नको, बस आहे.

निघताना चंद्रकलेनं कोपऱ्यातून एक गुंडी काढून तिच्या पिशवीत टाकली. वळलेली, वातीची. "ही कोरी आहे," ती म्हणाली. "पाहून घ्या."

"नाही पाहत," प्रमोदिनी म्हणाली.

"पाहून घ्या जी. सवय झाली तुमाले."

ते टोचायला म्हटलं की हसून, हे प्रमोदिनीला कळलं नाही, आणि वळून विचारायचा धीर झाला नाही.

बसस्टँडवर ऊन कलत आलं होतं. वैजू आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. चंद्रकलेच्या मांडीवर पडायची तशी पडून पाहिली, पण डोकं नीट बसेना, म्हणून उठून बसली. पिशवीत हात घालून ती गुंडीचा पीळ बोटानं चाचपत होती. बस लांबून दिसू लागली तेव्हा तिनं विचारलं,

"आई, मावशीनं तर पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. मग तेव्हा ते खरं का नव्हतं?"